बाहेरची पुस्तके, घरचा डाव

या सदराकडे अलीकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. विषय आहे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या भावंडांसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांसाठी, मूळ प्रकाशकाव्यतिरिक्त इतरांनी काढलेल्या पूरक पुस्तकांचा. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की त्यात एक सूत्रधार असतो, चार-पाच खेळाडू असतात, प्रत्येकाचे एक पात्र असते, आणि काय घडले हे संवादातून व वीस बाजूंच्या फाशातून ठरत ठरत एकेक मोहीम महिनोन्‌महिने चालते.

प्रश्न : आमचा पाच जणांचा गट दर शनिवारी रात्री खेळतो. आमच्या सूत्रधार मैत्रिणीने दुसऱ्याच प्रकाशकाचे राक्षसांचे जाडजूड पुस्तक आणले, तेव्हा आमच्यातील एकाने ‘हे अधिकृत नाही, म्हणजे डुप्लिकेट आहे’ असा आक्षेप घेतला. अशी पुस्तके कायदेशीर असतात का? आणि मूळ कंपनी ती काढू तरी का देते?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मित्राने ‘डुप्लिकेट’ हा शब्द मागे घ्यावा. राग कोणाच्या मालकीचा नसतो, बंदिश असते; आणि अमेरिकेतील कॉपीराइटचा कायदा खेळांच्या बाबतीत साधारण हेच म्हणतो. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात अमुक आकडा मिळवावा आणि तो समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा असेल तर वार लागला असे मानावे, ही खेळण्याची रीत झाली आणि रीतीवर कॉपीराइट लागत नाही. ती रीत ज्या शब्दांत लिहिली आहे ते शब्द, त्यासोबतची चित्रे, त्यातील खास पात्रे आणि खेळाचे नाव यांवर मात्र हक्क असतो. शब्द कोठे संपतात आणि रीत कोठे सुरू होते, या एका धूसर रेषेवर या पुस्तकांचा सगळा इतिहास घडलेला आहे.

मूळ खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावावर, विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातील टीएसआर कंपनीने प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी ‘जजेस गिल्ड’ ही संस्था काढली. खेळाडूंनी आपापली जगे स्वतःच रचावीत, तयार माल विकत कोण घेणार, असा त्या वेळी टीएसआरमध्ये समज होता. जजेस गिल्डने ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे एक अख्खे शहर विकायला काढले आणि ते विकले गेले. टीएसआरने स्वतःची सुटी साहसे, म्हणजे खेळायला तयार कथानकांच्या पुस्तिका, १९७८ पासून बाजारात आणली, म्हणजे या बाबतीत बाहेरचा प्रकाशक पुढे होता आणि मूळ कंपनी मागून आली, हे आपल्या मित्राला अवश्य सांगावे.

जजेस गिल्डला पुढे रीतसर परवाना मिळाला. सगळ्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. कॅलिफोर्नियात डेव्ह हारग्रेव्ह यांनी १९७७ मध्ये ‘आर्डुइन ग्रिमॉयर’ हे पुस्तक परवान्याशिवायच काढले आणि टीएसआरची नोटीस आल्यावर पुढच्या छपाईत मूळ खेळाचे उल्लेख झाकून टाकले. ते पुस्तक आज उघडले तर छपाई कच्ची आणि मांडणी विस्कळीत दिसते. परंतु वर्मी घाव लागल्यावर शरीराचा नेमका कोणता भाग कामातून जातो याचे त्यातील तक्ते आणि माणसाइतक्याच हक्काने खेळता येणारे त्याचे कीटकवंशीय योद्धे पाहिल्यावर, एखाद्या माणसाचे घरचे टेबल जसेच्या तसे उचलून कागदावर ठेवल्यासारखे वाटते. माझ्या मते या प्रकारच्या पुस्तकांचे खरे आकर्षण तेथेच आहे. मूळ प्रकाशकाला सर्वांना चालेल असे पुस्तक काढावे लागते, तर बाहेरचा लेखक आपला हट्ट पुरा करू शकतो.

कंपनी हे का चालवून घेते, याचे उत्तर २००० सालात आहे. टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली होती, आणि तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्या कंपनीतील रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने, मूळ नियम वापरून कोणालाही पुस्तके काढू देणारा ‘ओपन गेम लायसन्स’ नावाचा परवाना खुला करण्यात आला. हिशेब व्यापारी होता : साहसे आणि पुरवण्या काढण्यात खर्च फार आणि फायदा थोडा, तर ते काम इतरांनी करावे, त्यांचे प्रत्येक पुस्तक वापरायला मूळ नियमपुस्तक लागणारच. झुंबड अशी उडाली की ‘क्रीचर कलेक्शन’ हे दुसऱ्या प्रकाशकाचे राक्षसांचे पुस्तक अधिकृत ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या आधी दुकानात पोहोचले. घाईत लिहिल्यामुळे त्यात नियमांच्या चुका होत्या, तरी लोकांनी ते घेतले, कारण नव्या आवृत्तीत मारायला राक्षसच नव्हते! पुढे माल इतका झाला की २००३ मध्ये सुधारित आवृत्ती येताच दुकानदारांकडची जुनी पुस्तके पडून राहिली आणि अनेक छोटे प्रकाशक बुडाले.

त्या परवान्यातून निघालेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र कंपनीने योजलेली नव्हती. तिने २००८ मध्ये चौथी आवृत्ती वेगळ्या, आवळलेल्या परवान्याखाली काढली, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्याच खुल्या नियमांवर २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ उभा केला आणि तो थेट स्पर्धक ठरला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने परवाना बदलायचा घाट घातला. फुटलेल्या मसुद्यात साडेसात लाख डॉलरवरील विक्रीवर २५ टक्के स्वामित्वधन मागितले होते. खेळाडू आणि प्रकाशक इतके खवळले की त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच, म्हणजे ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’, श्रेय देऊन कोणालाही वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. तो परवाना परत घेता येत नाही.

तेव्हा मैत्रिणीचे पुस्तक अशा परवान्याखाली निघालेले असेल, आणि ते आतल्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर छापलेले असते, तर आक्षेपाला जागा नाही. ते टेबलावर चालवायचे की नाही हा वेगळा प्रश्न असून त्याचे उत्तर कंपनीने नव्हे, आपल्या पाच जणांनी द्यायचे आहे.

प्रश्न : सवलतीच्या विक्रीत मी चाळीसेक पीडीएफ घेऊन ठेवल्या आहेत. साहसे, राक्षस, मंत्र, शहरे, सगळे आहे. वर्षभरात एकही वापरलेली नाही. अपराधी वाटते. यांचा आनंद घ्यायचा तरी कसा?
— एक सूत्रधार, नाशिक

उत्तर : अपराधी वाटण्याचे मूळ असे की ही पुस्तके ‘चालवायची’ असतात, पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत, असे आपण गृहीत धरले आहे. तसे वापरायचे ठरवले तर एका मध्यम आकाराच्या साहसाला तीन-चार महिने लागतात, म्हणजे आपल्याकडच्या साठ्याला दहा वर्षे पुरतील. जाणती गृहिणी बाजारात गेली तर मंडई घरी आणत नाही. त्या दिवशीच्या भाजीला लागेल ती जुडी आणते.

माझा एक अनुभव सांगतो. दलदलीच्या प्रदेशातील एक साहस मी बरीच वर्षे बाळगून आहे. त्याचे कथानक मला ओढून ताणून आणलेले वाटते, खलनायक नीरस आहे, आणि खेळाडूंना वाचून दाखवायचे चौकटीतील उतारे इतके लांब आहेत की ते संपेपर्यंत कोणीतरी चहा टाकायला उठतेच. परंतु सोळाव्या की सतराव्या पानावर चार ओळींत एक नावाडी आहे. तो पैलतीरी न्यायला नाणी घेत नाही. प्रवाशाने आपल्याला ठाऊक असलेले एक नाव त्याला द्यायचे आणि ते प्रवाशाच्या आठवणीतून कायमचे जायचे. मी साहस बाजूला ठेवले आणि तो नावाडी उचलून माझ्या मोहिमेतील एका नदीवर बसवला. गटातील एक बाई बुटक्या लोहाराचे पात्र खेळत होत्या. इतरांनी शेजाऱ्याचे, हरवलेल्या कुत्र्याचे, सावकाराचे नाव देऊन वेळ मारून नेली. या बाई बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘आईचे नाव देते.’ मग त्यांनी खोडरबर घेतले आणि पात्राच्या कागदावर ‘आई’ या शब्दापुढे लिहिलेले नाव स्वतः खोडले. पुढचे सहा महिने कोणी त्या लोहाराला ‘तू कोणाचा?’ असे विचारले की टेबलावर शांतता पसरत असे. त्या पुस्तकाचे पैसे मला त्या चार ओळींत वसूल झाले.

म्हणून वाचताना पेन्सिल हातात ठेवावी, किंवा पीडीएफ असल्यास वेगळी वही ठेवावी, आणि प्रत्येक पुस्तकातून फक्त एक गोष्ट टिपावी : एक पात्र, एक खोली, एक विचित्र वस्तू. वही पुढच्या सत्राला बरोबर न्यावी. खेळाडू अनपेक्षित गल्लीत शिरले, आणि ते शिरतातच, तर वहीतले एक पान त्या गल्लीत ठेवून द्यावे. वर उल्लेखलेल्या जजेस गिल्डच्या शहराची रचना याच वापरासाठी सोयीची होती. त्यात शहराचा इतिहास उगाळत बसण्याऐवजी दुकानामागून दुकान, मालक कोण, गिऱ्हाईक कोण आणि तेथे कोणती अफवा ऐकू येते, असे थोडक्यात मांडले होते. आजही एखादे पूरक पुस्तक विकत घेण्याआधी मी त्याच्या नमुना-पानांत हेच पाहतो की टेबलावर उद्या बोलता येईल असे काही त्या पानावर आहे, की तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याची वंशावळच आहे.

आणि काही पुस्तके नुसती वाचावीत. पाककृतींचे पुस्तक रात्री अंथरुणात वाचणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी ‘मग केलेत काय?’ असे विचारत नाही.

प्रश्न : पीडीएफ घ्यावी की छापील प्रत?
— एक वाचक, पणजी

उत्तर : आधी पीडीएफ घ्यावी. तीच तीन वेळा टेबलावर उघडावी लागली तर छापील प्रत मागवावी, कारण परदेशातून येणाऱ्या पुस्तकाचे टपाल पुष्कळदा पुस्तकाइतकेच महाग पडते. नकाशांची पाने मात्र लगेच छापून घ्यावीत.

प्रश्न : माझ्या मामेभावाने बाहेरच्या एका पुस्तकातील योद्ध्याचा नवा वर्ग घेतला आहे. पाचव्या पातळीवर त्याला दोन वार मिळतात आणि लागलेल्या प्रत्येक वारावर आठ बाजूंचे तीन फासे जास्तीचे टाकायला मिळतात, कोणतीही मर्यादा नाही. बाकीचे तिघे आता लढाईत मोबाइल बघत बसतात. तो वयाने लहान आहे आणि त्या पात्रावर त्याचा जीव आहे. त्याला न दुखावता हे कसे मिटवू?
— एक सूत्रधार, ठाणे

उत्तर : आधी हिशेब मांडू, म्हणजे बोलणे भावनेवर जाणार नाही. पाचव्या पातळीवरील नेहमीचा फायटर, म्हणजे अधिकृत पुस्तकातील योद्धा, दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार घेतो. त्याला साधारणपणे फाशावर ७ मिळवायचे असतात. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, १५ धरला तर ८ किंवा अधिक पडले की वार लागतो, म्हणजे वीसपैकी तेरा वेळा, ६५ टक्के. सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४ म्हणजे सरासरी ११ नुकसान. दोन वारांचे मिळून दर फेरीला सुमारे १४ होते. आपल्या मामेभावाची साधी तलवार आठ बाजूंच्या एका फाशावर चालते. तिचे ४ मिळवून सरासरी साडेआठ, त्यावर जास्तीच्या तीन फाशांचे साडेतेरा, असे प्रत्येक लागलेल्या वाराचे २२ झाले. दोन वार, ६५ टक्के : दर फेरीला साडेअठ्ठावीसच्या वर. म्हणजे हा एक गडी दोन फायटरांचे काम करतो आहे, आणि तेही एका हातात ढाल धरून. तिघांनी मोबाइल काढला यात नवल नाही.

आता अधिकृत खेळातील ‘रोग’ (Rogue), म्हणजे लपूनछपून वार करणाऱ्या पात्राच्या वर्गाकडे पाहा. त्यालाही पाचव्या पातळीवर जास्तीचे तीन फासे मिळतात, पण ते सहा बाजूंचे असतात, एका पाळीत एकदाच मिळतात, आणि त्याला वारही एकच असतो. या पुस्तकाच्या लेखकाने ‘एका पाळीत एकदा’ हे तीन शब्द लिहायचे विसरून सगळा तोल घालवला आहे. ते आपण लिहावेत. तेवढ्याने आकडा तेवीसच्या आसपास येतो, जो अजूनही फार आहे. म्हणून ही शक्ती मोठ्या विश्रांतीपर्यंत, म्हणजे पात्रांच्या रात्रभराच्या झोपेपर्यंत, तीनदाच वापरता येईल अशी दुसरी अट घालावी. मग ती दर फेरीची सवय न राहता राखून ठेवायची गोष्ट होईल, आणि तिसऱ्या वापराच्या वेळी सगळे टेबल पुढे वाकून बघेल.

बोलणे मात्र सत्राच्या आधी, दोघांतच व्हावे. सर्वांसमोर मुळीच नको. त्याची चूक नाही, पुस्तकाची आहे आणि ते वापरायला परवानगी देणाऱ्या आपलीही थोडी आहे, हे आपण आधी म्हणावे. वरचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा, आणि दोन अटींपैकी कोणती आधी लावून पाहायची हे त्यालाच निवडू द्यावे. गेलेल्या लढाया उकरून काढू नयेत. माझा स्वतःचा नियम असा आहे की बाहेरच्या पुस्तकातील राक्षसाला मी डोळे झाकून आत घेतो, कारण तो चुकीचा निघाला तरी एका रात्रीत मरतो. खेळाडूच्या हातात जाणारी शक्ती मात्र वर्षभर टेबलावर राहते, म्हणून तिला ‘तीन सत्रे वापरून पाहू, मग ठरवू’ असे सांगूनच आत घेतो. हे आधी सांगितलेले असले की नंतर कोणी रुसत नाही.

प्रश्न : येथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला १९७७ चे ‘टेगेल मॅनर’ मिळाले. मुलांना पाचव्या आवृत्तीचे नियम येतात. हे साहस त्या नियमांवर चालवता येईल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपले दैव थोर! दोनशेहून अधिक खोल्यांचा तो झपाटलेला वाडा आजही मुलांना वेड लावतो. आकड्यांचे रूपांतर सोपे आहे. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण चांगले, आणि चिलखत नसलेल्या माणसाचा आकडा ९ असतो. तेव्हा छापलेला आकडा १९ मधून वजा करावा. राक्षसांसाठी तर तेही करू नये, नव्या पुस्तकातील त्याच नावाचा राक्षस सरळ उचलावा.

खरी अडचण सोन्याची आहे. त्या काळच्या नियमांत बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्याचा, पात्राची पातळी वाढवणारा, एक अनुभवगुण मिळत असे, म्हणून अशा साहसांत सोने मुबलक पेरलेले असते आणि लढाई टाळून ते पळवणे हाच शहाणपणा असतो. नव्या नियमांत अनुभव मुख्यतः राक्षस मारून मिळतो. दोन्हींची सरमिसळ झाली की मुले प्रत्येक खोलीत तलवार उपसतात, मार खातात, आणि वर सावकारांसारखी श्रीमंत होतात. निदान या वाड्यापुरता तरी जुना नियम लावावा : मारण्याचे गुण नाहीत, आणलेल्या सोन्याचे आहेत. दुसऱ्याच सत्रात मुले दाराला कान लावून ऐकायला लागतील.

प्रश्न : मला सह्याद्रीतल्या एका काल्पनिक गडावर बेतलेले छोटे पूरक पुस्तक लिहायचे आहे, मराठीतच. परवानगी कोणाची लागेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वर उल्लेखलेल्या ५.१ क्रमांकाच्या नियमसंचावर आधारून लिहिल्यास कोणाचीही परवानगी मागावी लागणार नाही आणि कोणाला पैसेही द्यावे लागणार नाहीत. त्या दस्तऐवजाच्या आरंभी दिलेला श्रेयनिर्देशाचा मजकूर आपल्या पुस्तकात जसाच्या तसा छापावा आणि आपण बदल केले असल्यास तसे नमूद करावे. अनुवादही याच परवान्यात बसतो, तेव्हा नियमांचे उतारे मराठीत आणायला हरकत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव किंवा बोधचिन्ह मुखपृष्ठावर मिरवू नये. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढे लिहिणे रूढ आहे. बिहोल्डर, माइंड फ्लेअर अशा कंपनीच्या खास राक्षसांची वर्णने त्या दस्तऐवजात नाहीत, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये. तशीही आपल्याला त्यांची गरज नाही. वेताळ, हडळ आणि मुंजा यांवर कोणाचा ट्रेडमार्क नाही.

कंपनीच्या स्वतःच्या जगांत कथा घडवायची असेल, तर २०१६ पासून ‘डीएम्स गिल्ड’ हा दुसरा मार्ग आहे, परंतु तेथे विक्रीचा निम्मा वाटा सोडावा लागतो आणि तेथे टाकलेले लिखाण दुसरीकडे विकता येत नाही. आपल्या गडाला तो मार्ग घेण्याचे कारण मला दिसत नाही.

एक सूचना मात्र आहे. गडाचा इतिहास लिहायला बसू नका. पहिली दहा पाने त्यात जातील आणि माझ्यासारखा वाचक ती उलटून पुढे जाईल. चोरदरवाजापासून सुरुवात करा. तो कोणत्या बाजूला उघडतो, आतल्या पायऱ्या किती झिजल्या आहेत, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे का, आणि रात्री तटावरून कोण हाक मारते, एवढे दोन पानांत लिहून आधी आपल्याच टेबलावर चालवून बघा. चालले तर ती दोन पाने या सदराकडे जरूर पाठवा. माझ्या मोहिमेतील मंडळी सध्या घाट चढत आहेत आणि वर त्यांना काय सापडणार हे मी अजून ठरवलेले नाही.